दहा लाखांचा फाटका कोट

हसविणाऱ्या कलाकृतीकडे पाहण्याची आपली एक ठरावीक रीत आहे. आपण पोट धरून हसतो, डोळे पुसतो, ‘छान करमणूक झाली’ असे म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी ती विसरून जातो. रडविणाऱ्या कलाकृतीला मात्र आपण घरी घेऊन येतो. तिच्यावर चर्चा करतो, तिच्यात अर्थ शोधतो, तिची पारायणे करतो. शोकांतिका म्हणजे खोल आणि विनोद म्हणजे उथळ, असा एक अलिखित नियम आपल्या समीक्षेतही रूढ होऊन बसला आहे. या नियमाची परीक्षा पाहावयाची असेल तर त्यासाठी विनोदही तसाच निवडला पाहिजे. ज्या विनोदाला कारुण्याची झालर आहे, ज्याच्या पोटात सामाजिक प्रश्न दडलेला आहे, त्याची बाजू मांडणे सोपे असते. खरी कसोटी लागते ती पिसासारख्या हलक्या विनोदाची, ज्यात उपदेश नाही, अश्रू नाहीत, कोणतीही समस्या सोडविल्याचा आव नाही.

रेने क्लेअर या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९३१ सालचा ‘ल मिल्यों’ हा संगीत विनोदपट अशा कसोटीला उतरणारा आहे. ‘ल मिल्यों’ म्हणजे ‘दहा लाख’. नावातच पैसा आहे, आणि चित्रपटभर माणसे त्या पैशामागे जिवाच्या आकांताने धावत असतात. तरीही पाहून झाल्यावर मनात उरतो तो पैसा नव्हे. हे कसे घडते, याचा शोध घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

कथानक थोडक्यात सांगतो. मिशेल हा पॅरिसमधला एक गरीब चित्रकार. त्याची वाग्दत्त वधू बेआत्रीस ही ऑपेराच्या रंगमंचावर नृत्य करणारी मुलगी. मिशेल सर्वांचा देणेकरी आहे. उधारीवर माल देणारे दुकानदार त्याच्या पाठीमागे लागलेले असतात. त्यातच एका धनिक स्त्रीचे, वांदाचे, चित्र रंगविता रंगविता तो तिच्याशी जरा अधिकच सलगी करतो आणि बेआत्रीस ते पाहते. ती रागावलेली असतानाच पोलिसांचा ससेमिरा चुकवीत एक म्हातारा चोर तिच्यापाशी येऊन पोहोचतो. त्याचे नाव पेर ला त्युलिप, आपण त्याला त्युलिपबाबा म्हणू. बेआत्रीस त्याला वेषांतरासाठी मिशेलचा जुना कोट देऊन टाकते. थोड्याच वेळात बातमी येते की मिशेलच्या लॉटरीच्या तिकिटाला दहा लाखांचे बक्षीस लागले आहे. आणि ते तिकीट अर्थातच त्या कोटाच्या खिशात आहे.

कोट त्युलिपबाबाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात जातो. तेथून तो सोप्रानेल्ली नावाच्या ऑपेरा-गायकाच्या हाती पडतो, कारण रंगमंचावरच्या भूमिकेसाठी त्याला असाच विटका कोट हवा असतो. मग मिशेल, बेआत्रीस, मिशेलचा मित्र आणि आता प्रतिस्पर्धी झालेला प्रॉस्पेर, शिवाय त्युलिपबाबाची सगळी टोळी, अशी वरात ऑपेरा-गृहात येऊन धडकते. सकाळपासून भाडे न मिळालेला टॅक्सीवालाही या धावपळीत आहेच.

हे तिकीट डच लॉटरीचे आहे. चित्रपट फ्रेंच, माणसे फ्रेंच आणि लॉटरी मात्र परदेशी, याचे वाचकांना नवल वाटेल. त्याचे कारण असे की एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लॉटरीवर बंदी आली होती आणि तेथील राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली ती १९३३ साली, म्हणजे या चित्रपटानंतर दोन वर्षांनी. तो काळ जागतिक मंदीचा होता. अशा काळात आकाशातून पडणाऱ्या दहा लाखांचे स्वप्न प्रेक्षकांना किती गोड वाटले असेल, याची कल्पना करता येते. स्वस्त करमणूक करू पाहणाऱ्याने या स्वप्नाचेच भांडवल केले असते. क्लेअरने काय केले, हे समजण्यासाठी त्या वेळच्या चित्रपटकलेची स्थिती ध्यानात घ्यावी लागेल.

१९२७ साली अमेरिकेत ‘द जाझ सिंगर’ आला आणि पडदा बोलू लागला. आपल्याकडे ‘आलम आरा’ मुंबईत प्रदर्शित झाला तो १४ मार्च १९३१ रोजी, म्हणजे ‘ल मिल्यों’च्याच वर्षी. ध्वनीच्या आगमनाने सर्वत्र एकच जल्लोष झाला. रेने क्लेअर मात्र त्या जल्लोषात सामील झाला नाही. मूकपटांच्या युगात त्याने नाव कमावले होते. ‘इटालियन स्ट्रॉ हॅट’ या १९२८ सालच्या मूकपटात त्याने एका गवती टोपीमागची धावपळ अशा कौशल्याने रंगविली होती की शब्दांवाचून काही अडले नाही. विशेष म्हणजे तो मूकपटही एका शब्दबहुल नाटकावरच आधारलेला होता. आता पडद्यावरची माणसे सतत बडबडू लागतील, कॅमेरा एका जागी खिळून राहील आणि चित्रपट म्हणजे नाटकाची फिकी नक्कल होऊन बसेल, ही त्याची भीती होती.

परंतु केवळ नाके मुरडून तो थांबला नाही. बोलपट आणि ध्वनिपट यांत त्याने भेद केला. १९२९ साली लंडनला जाऊन त्याने नवे अमेरिकन बोलपट पाहिले, आणि ‘ब्रॉडवे मेलडी’ या चित्रपटातील एक प्रसंग त्याने लेखातून वाखाणला. त्या प्रसंगात नायिका खिडकीतून बाहेर पाहत आहे. मोटारीचे दार आपटल्याचा आणि मोटार निघून गेल्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. मोटार मात्र दाखविलेली नाही. दिसतो तो केवळ नायिकेचा व्यथित चेहरा. जे डोळ्यांना दिसते तेच कानांना ऐकविणे ही पुनरुक्ती होय, डोळ्यांना एक आणि कानांना दुसरे दिले की प्रेक्षकाच्या मनात तिसरे काही निर्माण होते, हे त्या प्रसंगाचे मर्म क्लेअरने ओळखले.

‘ल मिल्यों’ हे या विचाराचे प्रात्यक्षिक आहे. मूळ कथा जॉर्ज बेर आणि मार्सेल गियमो यांच्या नाटकाची. नाटकात संवादांवर भर असणे स्वाभाविक होते. क्लेअरने संवाद छाटले आणि त्यांची जागा गाण्यांना, नृत्यसदृश हालचालींना व पार्श्वध्वनीला दिली. आर्माँ बेर्नार, फिलिप पारेस आणि जॉर्ज व्हान पारिस यांचे संगीत येथे सजावटीपुरते नाही. आपल्या संगीत नाटकात पद आले की कथा थांबते, रसिक डोलू लागतात, ‘वन्स मोअर’ मिळतो. त्याचा आनंद निराळा. येथे गाणे सुरू झाले की कथा उलट अधिक वेगाने धावू लागते. दुकानदार एकत्र आले की त्यांचे एक समूहगान बनते, जणू ती एकाच कंठाची माणसे आहेत. चोरांच्या टोळीलाही तिचे गाणे आहे. उधारी मागणारा आणि चोरी करणारा हे दोघेही ताला-सुरात असल्यामुळे आपण त्यांच्याकडे न्यायाधीशाच्या नजरेने पाहू शकत नाही.

दृश्य एक आणि ध्वनी दुसरा, या तत्त्वाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कोटाची पळवापळवी. ऑपेरा-गृहाच्या आतल्या भागात तो कोट या हातातून त्या हातात फेकला जात असतो, माणसे एकमेकांवर झेपावत असतात, आणि अचानक आपल्याला ऐकू येते ती पंचाची शिट्टी आणि रग्बीच्या मैदानावरील हजारो प्रेक्षकांची आरोळी. पडद्यावर मैदान नाही, प्रेक्षक नाहीत. केवळ ध्वनीच्या बळावर एका फाटक्या कोटाचा चेंडू होतो आणि माणसांच्या लोभाचा खेळ होतो. लोभावर चार वाक्यांचे भाष्य कोणीही करू शकला असता. क्लेअर फक्त एक शिट्टी वाजवितो.

तथापि, माझ्या मते चित्रपटाचे हृदय याहून निराळ्या ठिकाणी आहे. मिशेल आणि बेआत्रीस ऑपेराच्या रंगमंचावर असतानाच पडदा वर जातो. बाहेर पडण्याची वाट नाही. ती दोघे नेपथ्याच्या आडोशाला बसून राहतात. समोर, प्रेक्षकांच्या साक्षीने, सोप्रानेल्ली आणि एक स्थूल गायिका प्रेमगीत गाऊ लागतात. या दोघा गायकांचे आपसांत मुळीच पटत नाही, हे आपण आधीच पाहिलेले असते. पडदा वर गेला की तीच दोघे एकमेकांकडे पाहून एकांताच्या, रुसव्याच्या आणि क्षमेच्या गोष्टी गातात. रान रंगविलेले आहे, चंद्र खोटा आहे, वरून झरणाऱ्या पाकळ्या नेपथ्याचे कामगार टाकीत आहेत. सगळेच बनावट.

आणि या बनावट सोहळ्याच्या आडोशाला काहीतरी खरे घडते. बेआत्रीस पाठ फिरवून बसली आहे. बोलायची सोय नाही, कारण शब्द उच्चारला तर प्रेक्षकांना ऐकू जाईल. मिशेलच्या मनातले सारे त्या गायकांच्या तोंडून बाहेर पडते आहे. तो केवळ मुद्रेने, हाताच्या हालचालीने त्या गाण्याला दुजोरा देतो. ज्यांच्या मनात प्रेम नाही त्यांच्या मुखी शब्द आहेत आणि ज्यांच्या मनात प्रेम आहे ते मुके आहेत. हळूहळू बेआत्रीसचा राग वितळतो, ती वळते. प्रेक्षागृहातून टाळ्यांचा कडकडाट होतो तो गायकांसाठी, पण आपल्याला ठाऊक असते की त्या टाळ्यांचे खरे मानकरी कोण आहेत.

हा प्रसंग विनोदी आहे, यात शंका नाही. ऑपेराच्या भरजरी कृत्रिमतेची थट्टा तर त्यात आहेच. परंतु केवळ थट्टा करावयाची असती तर त्या गीताची चाल बेसूर ठेवून भागले असते. क्लेअरने ती खरोखर गोड ठेविली आहे. झिजलेली, हजारदा वापरलेली भाषाही एखाद्याच्या खऱ्या भावनेचे वाहन होऊ शकते, असे तो सुचवितो. आपण सारेच आयुष्यातील मोठ्या क्षणी दुसऱ्यांनी घडविलेले शब्द वापरतो. लग्नात, निरोपात, क्षमा मागताना आपल्यापाशी स्वतःचे शब्द क्वचितच असतात. शब्द उसने असतात म्हणून भावना उसनी ठरत नाही. हे सत्य एखाद्या गंभीर कादंबरीने सांगितले असते तर आपण माना डोलाविल्या असत्या. ते एका प्रहसनाने सांगितले म्हणून ते कमी सत्य होत नाही.

या प्रसंगाच्या मागे सबंध चित्रपटाची दृश्यरचना उभी आहे. एपिने येथील स्टुडिओत लाझार मीरसन या मूळच्या रशियन कलादिग्दर्शकाने पॅरिस उभे केले. छायाचित्रण जॉर्ज पेरिनालचे. पात्रे आणि मागील देखावा यांच्यामध्ये तलम कापडाचा पडदा ताणून क्लेअरने पार्श्वभूमी धूसर केली, त्यामुळे घरे, जिने, छपरे जणू स्वप्नात पाहिल्यासारखी वाटतात. हे शहर आहे तसे दाखविलेले नाही. ते आठवणीतले, किंवा कोणी सांगितलेल्या गोष्टीतले शहर आहे. ऑपेराचे रान तेवढे खोटे आणि बाहेरचे पॅरिस खरे, असा भेद करण्याची सोयच क्लेअरने ठेविलेली नाही. म्हणूनच रंगविलेल्या चंद्राखालचा तो समेट आपल्याला विजोड वाटत नाही.

आता कथेच्या बांधणीकडे वळू. चित्रपट शेवटापासून सुरू होतो. रात्रीच्या वेळी कॅमेरा छपरांवरून सरकत जातो. गोंगाटाने झोपमोड झालेली दोन माणसे छपरातल्या काचेतून खाली पाहतात, तो तेथे नाचगाणे रंगात आलेले. काय झाले, असे ती विचारतात आणि नाचणारी मंडळी त्यांना दिवसभराची हकिकत सांगू लागतात. म्हणजे तिकीट सापडणार, सारे आनंदात संपणार, हे प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच कळून चुकते. रहस्याचा असा बळी कोणता शहाणा कथाकार देईल? ज्याला ‘मिळेल की नाही’ या प्रश्नापेक्षा ‘मिळेपर्यंत माणसांचे काय होईल’ हा प्रश्न मोलाचा वाटतो, तोच देईल.

या दृष्टीने पाहिले तर एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. मिशेल आणि बेआत्रीस यांचा समेट होतो तेव्हा तिकीट हाती आलेले नसते. प्रेमाचा हिशेब पैशाच्या हिशेबाआधीच चुकता झालेला असतो. पुढे कोट हाती लागतो, पण खिसा रिकामा निघतो. मिशेल घरी परततो तेव्हा ज्या दुकानदारांनी सकाळी त्याला पळता भुई थोडी केली होती, त्यांनीच त्याच्या खोलीत मेजवानी मांडून ठेविलेली असते. सकाळचा बुडवा संध्याकाळी साहेब झालेला असतो. आता त्यांना खरे सांगायचे कसे? या क्षणी चित्रपटाच्या हसऱ्या चेहऱ्यावर एक सावली येऊन जाते. हा स्नेह दहा लाखांचा आहे, माणसाचा नाही, हे मिशेल जाणतो आणि आपणही जाणतो.

अशा वेळी त्युलिपबाबा येतो आणि तिकीट परत करतो. चोराने आपण होऊन परत केलेले धन! योगायोगाने तिकीट सापडविणे लेखकाला सहज शक्य होते, पण तसे घडत नाही. सकाळी एका घाबरलेल्या माणसाला एका मुलीने आधार दिला, त्या उपकाराची ही फेड आहे. संत मार्टिनने भिकाऱ्याला आपल्या झग्याचा अर्धा भाग कापून दिला, ही फ्रान्समधील पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा आपल्या वाचकांना परिचित आहे. बेआत्रीस काही मार्टिन नव्हे. ती दुसऱ्याचा कोट देते, आणि तोही थोडासा रागाच्या भरात देते. पण घेणाऱ्याने तिच्या हेतूची चिकित्सा केली नाही. त्याने कोट मिळाला एवढेच लक्षात ठेविले. सबंध चित्रपटात प्रत्येक जण कोणाकडून तरी काही वसूल करण्यासाठी धावत असतो. त्या गर्दीत न मागता परत करणारा एकच माणूस आहे, आणि तो चोर आहे. हा विनोद मला तरी उथळ म्हणवत नाही.

येथे क्लेअरच्या आयुष्यातील एक घटना नमूद करण्याजोगी आहे. ‘आ नू ला लिबेर्ते’ हा त्याचा दुसरा चित्रपटही १९३१ सालचाच. त्यात यंत्रयुगाची थट्टा होती. १९३६ साली चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ आला तेव्हा दोहोंतील साम्य पाहून निर्मात्या टोबिस कंपनीने चॅप्लिनवर खटला भरला. क्लेअरने त्यात सहभागी होण्यास नकार दिला. आपण स्वतः चॅप्लिनचे ऋणी आहोत आणि त्याने आपल्याकडून काही घेतले असेल तर तो आपला सन्मानच होय, अशी त्याची भूमिका होती. धनकोंच्या पाठलागावर चित्रपट काढणाऱ्या माणसाने स्वतः धनको होण्याचे नाकारले, ही संगती लक्षणीय आहे.

या चित्रपटावरील आक्षेपही विचारात घेतले पाहिजेत. १९५० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये तरुण समीक्षकांची आणि दिग्दर्शकांची नवी पिढी पुढे आली. क्लेअरची कला त्यांना अतिशय घोटीव आणि जीवनापासून दूर वाटू लागली. १९६० साली फ्रेंच अकादमीवर त्याची निवड झाली तेव्हा तर तो जणू प्रस्थापितांचा प्रतिनिधीच ठरला. त्याची पात्रे म्हणजे किल्ली दिलेल्या बाहुल्या आहेत, हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. प्रॉस्पेर मित्राचा प्रतिस्पर्धी होतो, पण त्या बदलाची कळ त्याच्या मनात कोठे उमटत नाही. वांदा ही केवळ कथेला धक्का देण्यापुरती आहे. मिशेलच्या चंचलपणाकडे तर चित्रपट फारच कौतुकाने पाहतो. समेटाच्या प्रसंगात रुसवा सोडण्याचे काम बेआत्रीसवर येते, पण मिशेलने खरोखर काही सोडले का, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. आनाबेलाच्या संयत अभिनयामुळे बेआत्रीसला जो जिवंतपणा लाभला आहे तो मोठ्या अंशी त्या नटीचाच आहे, पटकथेने तिला त्यासाठी फारसे काही दिलेले नाही.

एवढे मान्य करूनही, बाहुल्यांचा आक्षेप मला निर्णायक वाटत नाही. बाहुल्यांच्या खेळात आपण बाहुलीच्या मनाचा ठाव घेत नाही, तिच्या हालचालीत आपली हालचाल ओळखतो. शेवटच्या दृश्यात दुकानदार, चोर, चित्रकार, नर्तकी अशी सारी मंडळी हात धरून साखळीने नाचतात. कोण धनको, कोण ऋणको, हे त्या साखळीत ओळखू येत नाही. हा आनंद टिकाऊ आहे, असा दावा क्लेअर करीत नाही. दुसऱ्या दिवशी दुकाने उघडतील, हिशेबाच्या वह्याही उघडतील. काचेतून पाहणाऱ्या त्या दोन माणसांप्रमाणे आपणही हा नाच बाहेरूनच पाहत असतो. पण घटकाभर का होईना, एकमेकांकडे वसुलीच्या नजरेने न पाहणारा माणसांचा मेळावा त्याने आपल्यासमोर उभा केला, आणि तो उभा करताना एकदाही आवाज चढविला नाही.

सुमारे ऐंशी मिनिटांचा हा कृष्णधवल चित्रपट आता इंग्रजी उपशीर्षकांसह घरबसल्या पाहता येतो. फ्रेंच येत नसल्याने फारसे बिघडत नाही, कारण त्यातला मोठा भाग शब्दांवाचून कळतो. घरातल्या मुलांनाही कोटाचा रग्बी पाहून हसू येईल. मोठ्यांनी मात्र रंगविलेल्या चंद्राखालचा तो प्रसंग आला की थोडे लक्षपूर्वक ऐकावे आणि पाठमोरी बेआत्रीस केव्हा वळते, ते पाहावे.